बर्कली हायस्कूल : विद्यापीठाच्या गावातली सगळ्यांची एकच सरकारी शाळा

आपल्याकडे ‘पब्लिक स्कूल’ अशी पाटी दिसली की आधी फी किती असेल हाच विचार मनात येतो. अमेरिकेत नेमकं उलटं. तिथं पब्लिक स्कूल म्हणजे सरकारी शाळा : फी नाही, प्रवेश परीक्षा नाही, गावात राहत असल्याचे पुरावे दाखवले की मुलाचं नाव पटावर. कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावाचं बर्कली हायस्कूल ही अशीच एक शाळा. नववी ते बारावी असे चार वर्ग आणि तीन हजारांच्या आसपास मुलं.

बर्कली हे सान फ्रान्सिस्कोच्या समोर, खाडीच्या पलीकडच्या काठावर वसलेलं सव्वा लाखाच्या घरातलं शहर. कॅलिफोर्निया विद्यापीठ १८७३ मध्ये इथं आलं आणि त्याच्याभोवती गाव वाढलं. हायस्कूलचे वर्ग १८८० मध्ये विद्यापीठाच्या अगदी कुंपणाला लागून असलेल्या एका प्राथमिक शाळेत भरू लागले. पहिली तुकडी १८८४ मध्ये बाहेर पडली. पुढं गावानं कर्जरोख्यांच्या बाजूनं मतदान केलं आणि १९०१ मध्ये शाळेला स्वतःची इमारत मिळाली. आजही शाळा त्याच परिसरात, गावाच्या मध्यवस्तीत आहे. दुपारच्या सुटीत मुलं शाळेबाहेर पडतात आणि शॅटक अव्हेन्यूवरची खाण्याची दुकानं भरून जातात.

शाळेच्या आवारातलं नाट्यगृहही सांगण्यासारखं आहे. दुसऱ्या महायुद्धामुळे त्याचं काम अर्धवट थांबलं, लोखंडी सांगाडा कित्येक वर्षं तसाच उभा होता. ते पुरं व्हायला १९५० साल उजाडलं. साडेतीन हजारांच्या आसपास खुर्च्या! याच रंगमंचावर १९७० मध्ये जिमी हेंड्रिक्स वाजवून गेला. सरकारी शाळेच्या सभागृहात म्हणजे जरा नवलच.

माजी विद्यार्थ्यांची यादी लांबलचक आहे. नाटककार थॉर्नटन वाइल्डर इथलाच. विज्ञानकथा वाचणाऱ्यांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे अर्सुला ले ग्विन आणि फिलिप के. डिक हे दोघंही १९४७ च्या एकाच तुकडीतले, पण शाळेत त्यांची ओळख नव्हती. एवढी मोठी ही शाळा. ले ग्विनचे वडील आल्फ्रेड क्रोबर विद्यापीठात मानववंशशास्त्राचे नामांकित प्राध्यापक होते. म्हणजे प्राध्यापकाची मुलगी सरकारी शाळेत. तिथं त्यात कुणाला विशेष वाटत नाही, आपण मात्र दोनदा वाचतो. जॅझ वाजवणारे जोशुआ रेडमनसारखे कलावंतही इथल्या बँडमधून पुढं आले.

आता मुख्य मुद्दा. बर्कलीत टेकडीवर गोऱ्या, सुशिक्षित, पैसेवाल्या लोकांची घरं आणि खाली सपाटीवर कृष्णवर्णीय व कष्टकरी वस्ती, अशी जुनी विभागणी. घरं विकताना आणि कर्ज देताना वर्ण पाहिला जायचा, त्यातून ती पक्की झाली. प्राथमिक शाळाही त्यामुळे आपोआप वेगळ्या पडल्या होत्या. १९६८ मध्ये बर्कलीनं बस सुरू केल्या : टेकडीवरची मुलं खाली, खालची मुलं वर. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी हे कोर्टाच्या आदेशानं झालं. बर्कलीनं ते आपणहून केलं. कमला हॅरिस लहानपणी अशाच बसनं शाळेत जायच्या, पण पुढं कुटुंब कॅनडात गेल्यामुळे बर्कली हायस्कूलपर्यंत त्या पोचल्या नाहीत.

हायस्कूलला बसची गरजच नव्हती. गावात सर्वसाधारण सरकारी हायस्कूल एकच, त्यामुळे टेकडी आणि सपाटी दोन्ही एकाच फाटकातून आत यायच्या. साठच्या दशकाच्या शेवटी तिथं कृष्णवर्णीयांच्या इतिहास-संस्कृतीचा स्वतंत्र विभागही सुरू झाला. सरकारी हायस्कुलात असा विभाग असणं फारच दुर्मिळ.

पण फाटक एक म्हणजे वर्ग एक, असं नसतं. १९९४ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक वाहिनीवर या शाळेवर एक माहितीपट दाखवला गेला. जेवणाच्या सुटीत कोण कुणाबरोबर बसतं, कठीण विषयांच्या वर्गात कोणते चेहरे दिसतात, हे त्यात उघड झालं. दोन वर्षांनी विद्यापीठातले शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक पेड्रो नोगेरा आणि शाळेतले शिक्षक, पालक, विद्यार्थी यांनी मिळून अभ्यास हाती घेतला. त्यातून दिसलं ते असं : नववीत मुलाला गणिताचा कोणता वर्ग मिळतो, यावर पुढची चार वर्षं बरीचशी ठरून जातात. वरच्या गणितात बसलेला मुलगा विज्ञानाच्या वरच्या वर्गांत आणि तिथून चांगल्या विद्यापीठात जातो. खालच्या गणितात बसलेल्याची गाडी मागेच राहते. आणि हे दोन वर्ग वर्णानुसार वेगळे दिसायचे. जाणकार पालक वेळेत शाळेत जाऊन मुलाचा वर्ग बदलून घेत, बाकीच्यांना असं काही करता येतं हेच ठाऊक नसे. ही गोष्ट समजायला अमेरिकेला जायची गरज नाही. सेमी इंग्रजीची तुकडी आणि ‘क’ तुकडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना सगळं कळेल.

पैशाचंही थोडं सांगायला हवं. कॅलिफोर्नियात १९७८ मध्ये जनमतानं मालमत्ता कर एक टक्क्यावर बांधून टाकला आणि शाळांच्या तिजोऱ्या आटल्या. बर्कलीकरांनी १९८६ मध्ये मतदान करून स्वतःवर जादा कर लावून घेतला, तोही इमारतीच्या क्षेत्रफळावर. अशा कराला दोन तृतीयांश मतं लागतात. त्यातून वर्गातली मुलांची संख्या कमी ठेवणं, ग्रंथालय, संगीत यांचा खर्च निघतो. मुदत संपली की पुन्हा मतदान होतं, आणि आजवर लोकांनी तो कर दर वेळी चालू ठेवला आहे. ज्यांची मुलं शाळेत नाहीत तेही भरतात.

भारतीयांच्या दृष्टीनं या शाळेची सर्वांत मोठी गोष्ट मात्र वेगळीच आहे, आणि ती तिथल्या मुलांनी काढलेल्या वर्तमानपत्रानं केली. पत्राचं नाव ‘जॅकेट’, शाळेचं बोधचिन्ह असलेल्या पिवळ्या गांधीलमाशीवरून.

नोव्हेंबर १९९९ मध्ये शाळेपासून जवळच्याच एका इमारतीत हीटरचा धूर कोंडून सतरा वर्षांची एक तेलुगू मुलगी दगावली. तिची धाकटी बहीण वाचली. इमारत लकीरेड्डी बाली रेड्डी यांच्या मालकीची. आंध्रातल्या कृष्णा जिल्ह्याच्या वेलवडम गावचे हे गृहस्थ १९६० मध्ये विद्यापीठात शिकायला आले होते. पुढं हजाराच्या वर सदनिका त्यांच्या हातात आल्या. ‘पसंद’ नावाचं दक्षिण भारतीय हॉटेलही त्यांचंच. मृत्यूची नोंद दुर्दैवी अपघात म्हणून झाली आणि मोठ्या वर्तमानपत्रांनी बातमी तेवढीच दिली.

‘जॅकेट’च्या दोन विद्यार्थिनींना मात्र एक साधा प्रश्न पडला. मुलगी सतरा वर्षांची, राहायला गावात, मग ती आमच्या शाळेत कशी नव्हती? गावात हायस्कूल एकच, त्यामुळे उत्तर शोधायला पट पुरेसा होता. त्यांनी दक्षिण आशियाई कार्यकर्त्यांना गाठलं, शेजाऱ्यांशी बोलल्या. डिसेंबरमध्ये बातमी छापून आली : या मुलींना वेठबिगारीसारखं कामाला आणलं असावं, अशी शंका त्यात मांडली होती. पुढच्याच महिन्यात, जानेवारी २००० मध्ये, रेड्डींना अटक झाली. गरीब दलित घरातल्या मुलींना खोट्या नात्यांच्या कागदपत्रांवर अमेरिकेत आणलं जात होतं, त्यांच्याकडून काम करून घेतलं जात होतं आणि त्यांचं लैंगिक शोषण होत होतं, हे तपासात बाहेर आलं. रेड्डींनी गुन्हे कबूल केले. २००१ मध्ये त्यांना आठ वर्षांहून थोडी जास्त कैद झाली आणि पीडितांना वीस लाख डॉलर द्यावे लागले.

त्या दोघींना उत्तर कॅलिफोर्नियाच्या व्यावसायिक पत्रकारांच्या संघटनेनं गौरवलं. विद्यापीठात भारतीय प्राध्यापक, संशोधक, विद्यार्थी कितीतरी, रेड्डींच्या इमारतींत भाड्यानं राहणारेही त्यांच्यातले काही. पटावर नाव का नाही हे विचारलं ते शाळकरी मुलींनी.

शाळेतले प्रश्न संपलेले नाहीत. २०१५ मध्ये ग्रंथालयातल्या संगणकावर कृष्णवर्णीयांना धमकावणारा मजकूर सापडला, तेव्हा हजाराहून जास्त मुलं वर्ग सोडून विद्यापीठाच्या आवारापर्यंत मोर्चानं गेली. २०१८ पासून नववीची सगळी मुलं मिसळून गट केले जातात, प्रत्येक गटाचे शिक्षक ठरलेले. दहावीपासून मात्र शाळेच्या पोटातल्या लहान शाखांपैकी एकीत मुलं जातात, आणि कोणती शाखा हवी याचा पसंतीक्रम घरोघरी भरला जातो.