टोबरमोरीची रंगीत ओळ आणि मुंबईकडे जाणारा धागा

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या मल या बेटाचे नाव मराठी कानाला खटकते, हे मान्य करूनच पुढे जावे लागते. गेलिक भाषेत ते 'मुइले' आहे. ओबनहून बोटीने क्रेगन्युअरला उतरावे आणि किनाऱ्याने उत्तरेकडे जावे, म्हणजे टोबरमोरी लागते. अर्धवर्तुळाकार बंदर, पाठीशी झाडीचा चढ आणि पाण्याला लागून तांबड्या, पिवळ्या, निळ्या घरांची ओळ. २००२ ते २००५ या काळात बीबीसीच्या 'बालामोरी' या बालमालिकेमुळे ही ओळ ब्रिटनमधील घराघरांत पोहोचली. आम्हीही प्रथम ती चित्रासारखीच पाहिली. चित्र पाहताना मात्र ते कोणी आखले, हा प्रश्न सहसा पडत नाही.

हे गाव आपसूक वाढलेले नाही. १७८६ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश फिशरीज सोसायटीने १७८८ मध्ये ते आखून वसवले. हायलँडमधील माणसे अमेरिकेकडे निघून जात होती. त्यांना हेरिंग माशांच्या धंद्यात येथेच पोट भरता यावे, असा हेतू होता. तो फारसा सफल झाला नाही. माशांचे थवे दूर, मिठावरील कराचे नियम जाचक. गाव टिकले ते व्यापाराच्या आणि बोटींच्या बंदरामुळे. ज्याला आज आपण 'कोळ्यांचे जुने गाव' म्हणून न्याहाळतो, ते खरे पाहता स्थलांतर रोखण्यासाठी कागदावर काढलेली एक योजना होती.

त्याआधी पंधरा वर्षे, ऑक्टोबर १७७३ मध्ये, सॅम्युअल जॉन्सन आणि जेम्स बॉझवेल येथे उतरले होते. तेव्हा गाव नव्हते, नांगरलेली जहाजे होती. जॉन्सनचे प्रवासवर्णन १७७५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची निसर्गदृष्टी रूक्ष होती, अशी तक्रार होते आणि ती खोटी नाही. पण देश सोडून जाणाऱ्या माणसांविषयी तो सविस्तर लिहितो, जमीनदार व कुळे यांच्यातील बदललेले नाते तपासतो. डोंगरदऱ्यांच्या वर्णनात रमणाऱ्या आपल्याकडच्या पुष्कळ प्रवासवर्णनांपेक्षा हा रूक्षपणा आम्हाला अधिक वाचनीय वाटतो.

याच प्रवासात दोघे मलच्या पश्चिमेस असलेल्या उल्व्हा या लहान बेटावर मॅक्वारी घराण्याच्या प्रमुखाकडे एक रात्र राहिले. हा प्रमुख कर्जात बुडालेला होता आणि जमीन लवकरच हातची जाणार होती. याच घराण्याशी नाते सांगणारा लॅखलन मॅक्वारी १७८८ मध्ये, म्हणजे टोबरमोरी आखली गेली त्याच वर्षी, ७७व्या पलटणीबरोबर मुंबईत उतरला. १७९३ मध्ये मुंबईतच त्याने जेन जार्विसशी विवाह केला. तिच्या माहेरची संपत्ती अँटिग्वा बेटावरील, गुलामांच्या श्रमावर चालणाऱ्या मळ्यांतून आलेली. १७९५ मध्ये कोचीनला त्याने दोन लहान मुलगे गुलाम म्हणून विकत घेतले. त्यांपैकी एकाला पत्नीच्या माहेरचे आडनाव देऊन 'जॉर्ज जार्विस' केले गेले. जेन १७९६ मध्ये मकाव येथे क्षयाने वारली. तिचे दफन मुंबईत झाले. पुढे मॅक्वारीने मल बेटावर जमीन घेतली आणि तिला 'जार्विसफील्ड' हे नाव दिले.

एका नावात किती भूगोल दडावा! अँटिग्वाचा ऊस, कोचीनचा बाजार, मुंबईची दफनभूमी आणि हेब्रिडीजमधले गवताळ रान. जॉर्ज मात्र मालकाबरोबर हिंदुस्थानातून स्कॉटलंडला आणि तेथून सिडनीला गेला. मॅक्वारी १८१० ते १८२१ या काळात न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर होता. उदार शासक म्हणून त्याची कीर्ती आहे. आणि १८१६ मध्ये त्याच्याच आदेशाने निघालेल्या फौजेने अ‍ॅपिन येथे आदिवासींची हत्या केली, हेही त्याच कारकिर्दीत घडले. अ‍ॅपिन हे नाव स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचे. मलवरील ग्रुलिन येथे त्याची समाधी आहे आणि तिची देखभाल ऑस्ट्रेलियातील नॅशनल ट्रस्ट पाहतो.

उल्व्हाचे पुढे काय झाले? एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे सहाशेच्या घरात वस्ती होती. समुद्री शेवाळ जाळून राख विकण्याचा धंदा बसला, १८४६ पासून बटाट्यावर रोग पडला आणि फ्रान्सिस क्लार्क या मालकाने कुळांना हुसकावून लावले. घरे ओस पडली. २०१८ मध्ये स्थानिक लोकसंस्थेने सरकारी निधीच्या साहाय्याने बेट विकत घेतले, तेव्हा तेथे पाच-सहाच माणसे राहत होती.

टोबरमोरीच्या धक्क्यावर पर्यटकांच्या बसगाड्यांची रांग असते. उल्व्हाला जायचे तर मलच्या काठावर एक फळी आहे. ती सरकवली की तांबडा चौकोन उघडा पडतो, पलीकडून नावाडी तो पाहतो आणि होडी घेऊन येतो.