विष माहिती केंद्रातील तज्ज्ञ

विषबाधेच्या प्रसंगी दूरध्वनीवरून तातडीचा सल्ला देणारे प्रशिक्षित परिचारिका, औषधनिर्माते व डॉक्टर. अमेरिकेतील पहिले केंद्र 1953 मध्ये शिकागोत सुरू झाले. औषधनिर्माते लुई गडालमन यांनी तेथील रुग्णालयात विषांची माहिती कार्डांवर टिपून ठेवली होती. आजच्या संगणकीय नोंदींचे मूळ त्यात आहे.

अमेरिकेत फोन उचलतो तो विष माहिती तज्ज्ञ. तो बहुधा परिचारिका किंवा औषधनिर्माता असतो; अनुभवानंतर प्रमाणपत्र परीक्षा देता येते. काय घेतले, किती, केव्हा, रुग्णाचे वय व वजन काय, हे तो घाबरलेल्या माणसाकडून काढून घेतो. घरीच लक्ष ठेवायचे की दवाखाना गाठायचा, हे त्यावर ठरते. रॉकेल प्यायलेल्या मुलाला उलटी करवू नका, हे त्याला वारंवार बजावावे लागते, कारण उलटीतून रॉकेल फुप्फुसात शिरू शकते. पॅरासिटामॉलचा मोठा डोस फसवा : पहिल्या दिवशी रुग्ण ठणठणीत दिसू शकतो. म्हणून गोळ्या घेतल्यापासून 4 तासांनी वा त्यानंतर रक्तपातळी तपासून अ‍ॅसिटिलसिस्टीन हा उतारा द्यायचा की नाही ते ठरवतात. गुंतागुंतीच्या प्रसंगी विषवैद्यकतज्ज्ञ डॉक्टर उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलतो. पुढे पुन्हा फोन करून रुग्णाची चौकशी करणे हे कामातले कमी दिसणारे, पण मोलाचे अंग.

भारतात नवी दिल्लीच्या ‘एम्स’मधील राष्ट्रीय विष माहिती केंद्र 1995 पासून औषधशास्त्र विभागात चोवीस तास चालते. शेतीप्रधान देशात कीटकनाशकांच्या विषबाधेचे ज्ञान येथे अपरिहार्य ठरते.