मातीने काय पचवले, काय साठवले

शहराचे सांडपाणी शुद्ध करून शेतीला द्यावे, असे आज आपण सहज म्हणतो. पण पाणी ‘शुद्ध’ होते म्हणजे नेमके काय होते? पॅरिस शहराचा इतिहास पाहिला तर याचे उत्तर शोधायला मदत होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये भूमिगत गटारांचे मोठे जाळे उभे राहिले. रस्ते स्वच्छ झाले, पण घाण सेन नदीत जाऊ लागली आणि नदी काळवंडली. तेव्हा मिल आणि द्युरां-क्ले या अभियंत्यांनी १८६९ मध्ये जवळच्याच जेनव्हिलिए येथील रेताड जमिनीत हे पाणी सोडून पाहिले. भाजीपाला जोमाने वाढला आणि जमिनीतून झिरपून येणारे पाणी नितळ निघाले.

हे कशामुळे घडले? माती नुसती गाळण्याचे काम करते का? १८७७ मध्ये श्लोझिंग आणि म्युंत्स या शास्त्रज्ञांनी वाळू व चुनखडीने भरलेल्या लांब नळीतून सांडपाणी थेंबथेंब सोडले. पहिले वीस दिवस पाण्यातला अमोनिया तसाच बाहेर आला. मग त्याच्या जागी नायट्रेट येऊ लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच हा बदल थांबला. वाफ काढून टाकल्यावरही तो आपोआप सुरू झाला नाही. थोडी ताजी माती कालवलेले पाणी ओतल्यावर मात्र झाला. म्हणजे हे काम मातीतल्या सजीवांचे होते! आजची सांडपाणी शुद्धीकरण केंद्रेही मुख्यतः अशाच सूक्ष्मजीवांवर चालतात.

पुढे १८९४ च्या कायद्याने पॅरिसमधील घरांचे मैलापाणी गटारात सोडणे सक्तीचे झाले. अशेर, पिएरले येथेही अशी शेते झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस त्यांचे क्षेत्र सुमारे ५,००० हेक्टर होते.

पण शहर बदलत होते. सांडपाण्यातून शिसे, कॅडमियम, जस्त असे धातूही येऊ लागले. सूक्ष्मजीव सेंद्रिय घाणीचे विघटन करतात. धातू हे मूलद्रव्य असल्याने त्याचे विघटन होतच नाही. तो मातीच्या वरच्या थरात साचत राहिला. शंभर वर्षे भाजी पिकवणाऱ्या या जमिनींवर २००० च्या सुमारास भाजीपाला घ्यायला बंदी आली. ज्यांची उपजीविका या मळ्यांवर होती, त्यांच्या हातून हे पीक गेले. पिएरलेच्या पठारावर २०१९ पासून जंगल लावले जात आहे.

या इतिहासातून आपण एवढे घ्यावे : शुद्धीकरण केंद्र कितीही चांगले असले, तरी निम्मे काम गटाराच्या तोंडाशी होते. कारखान्याचे पाणी घरगुती सांडपाण्यात मिसळू न देणे, हा शेतीच्या रक्षणाचा पहिला उपाय आहे. आपल्या गावाच्या नाल्यात कोण काय सोडते आणि पुढे त्या पाण्यावर काय पिकते, याचा नकाशा आपण मुलांकडून करून घेऊ या. त्यातला प्रत्येक बाण शेवटी कुणाच्या तरी ताटापर्यंत पोचतो.