पंगत, खाणावळ आणि उपाहारगृह



खाण्यापिण्याची आवड असलेलीं चार माणसें एकत्र जमलीं कीं एक वाद हमखास निघतो : चव खरी कोणती, घरची कीं बाहेरची? एक पक्ष म्हणतो, आईच्या हातच्या आमटीची सर जगांतील कोणत्याहि उपाहारगृहाला यावयाची नाहीं. दुसरा पक्ष म्हणतो, भजीं आणि वडे खावे ते बाहेरचेच. घरच्या कढईंत तेल मोजून पडतें, आणि मोजलेल्या तेलांत वडा कधीं मनासारखा फुलत नाहीं. मी या वादांत दोन्ही पक्षांकडे पोटभर जेवलेला मनुष्य आहें. त्यामुळें माझा निकाल वांटणीचा आहे. पुरणपोळी, थालीपीठ, अळूची पातळ भाजी आणि साधा वरणभात हे घरचे. बटाटावडा, मिसळ, आणि इराण्याकडील कडक पाव व मस्का हे बाहेरचे. हें माझें मत मी सहसा सोडणार नाहीं.

परंतु आज मला बोलावयाचें आहे तें या वादाच्या इतिहासाविषयीं. 'घरचें' आणि 'बाहेरचें' हे शब्द आपण आज जिभेपुरते वापरतों. सव्वाशें-दीडशें वर्षांपूर्वीं ते जातीचे, धर्माचे आणि बहिष्काराचे शब्द होते. काय खाल्लें यापेक्षां कोणाच्या हातचें खाल्लें, आणि कोणाच्या शेजारीं बसून खाल्लें, हाच प्रश्न मोठा होता.

प्रथम घरच्या चवीचा अभिमान जरा तपासून पाहूं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नांवावर 'मानसोल्लास' हा बाराव्या शतकांतील संस्कृत ग्रंथ आहे. त्यांतील अन्नभोगाच्या प्रकरणांत मांडे आहेत, पुऱ्या आहेत, आजच्या इडलीचे आणि डोशाचे पूर्वजहि आहेत. परंतु मिरची नाहीं, बटाटा नाहीं, टोमॅटो नाहीं, शेंगदाणा नाहीं. तिखटपणासाठीं मिरीं आणि आलें यांवरच भागत असे. हीं चारहि पिकें मूळचीं अमेरिकेंतील. पोर्तुगीजांचीं जहाजें पश्चिम किनाऱ्याला लागल्यानंतर तीं हळूहळू आपल्या शेतांत आणि चुलींवर आलीं. १५१० सालीं गोवें त्यांच्या ताब्यांत गेलें, आणि आपला 'पाव' हा शब्द तर सरळ त्यांच्याच भाषेंतून आला. एकादशीची खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, शेंगदाणा, मिरची आणि बटाटा, चौघेहि सातासमुद्रांपलीकडचे. तूप आणि मीठ तेवढें आपलें! आणि तरीहि आपण ती सोवळ्यानें खातों. जिभेनें परके पाहुणे असे निमूटपणें घरांत घेतले. माणसांच्या बाबतींत मात्र आपण इतके उदार नव्हतों.

त्या काळीं प्रवासाला निघालेला मनुष्य शिदोरी बांधून घेई, किंवा शिधा बरोबर नेऊन धर्मशाळेंत स्वतः रांधी, किंवा परगांवीं स्वजातीयाच्या घरीं उतरे. पैसे देऊन परक्याच्या हातचें शिजलेलें अन्न खाणें ही प्रतिष्ठिताला न शोभणारी गोष्ट होती. या व्यवस्थेला तडा गेला तो मुख्यतः वाफेच्या यंत्रानें. १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबई-ठाणें आगगाडी धांवली. पुढच्याच वर्षीं कावसजी नानाभाई दावर यांनीं मुंबईंत पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली. कोंकणांतून आणि घाटावरून हजारों पुरुष बायकामुलें गांवीं ठेवून मुंबईस आले. डब्यांत शेजारीं कोण बसावें हें आगगाडी विचारीत नव्हती, आणि गिरणीच्या भोंग्याला सोवळें नेसून रांधण्याइतका वेळ माहीत नव्हता.

विचार मात्र यंत्राच्या वेगानें धांवत नव्हते. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें कांहीं नामांकित मंडळी एका व्याख्यानानिमित्त जमलीं होतीं. न्यायमूर्ति रानडे, टिळक, गोखले यांसारखीं माणसें त्यांत होतीं. पाहुणचार म्हणून चहा आणि बिस्किटें पुढें आलीं. कोणीं चहा प्याला, कोणीं मानापुरता पेला हातीं घेतला. गोपाळराव जोशी यांनीं हजर असलेल्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत प्रसिद्ध केलीं, आणि एकच गहजब उडाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, चौकशी झाली, प्रायश्चित्तें सांगण्यांत आलीं. खुद्द रानड्यांनींहि १८९२ सालीं प्रायश्चित्त घेतलें. न्यायासनावर बसणाऱ्या पुरुषाला एका पेलाभर चहाचा जाब द्यावा लागला, हें आज सांगतांना हंसूं येतें. पण त्या काळीं बहिष्कार म्हणजे काय होतें तें आठवावें. घरीं पुरोहित यावयाचा नाहीं, लेकीच्या लग्नाच्या पंगतीला माणूस मिळावयाचें नाहीं, आणि सासरीं गेलेल्या मुलीला माहेरीं येण्याची चोरी.

याच सुमारास मुंबईंत दोन तोडगे निघाले, आणि दोन्ही आपापल्या परी घरची चव बाहेर नेणारे होते. एक डबेवाला. सुमारें १८९० पासून महादू हावजी बच्चे यांच्या पुढाकारानें हा व्यवसाय बांधला गेला. कचेरींत बसलेल्या माणसाला आपल्याच घरच्या, अर्थात् आपल्याच जातीच्या, हातचें जेवण मिळावें ही त्यामागील मोठी सोय होती. दुसरा तोडगा खाणावळ.

खाणावळीचा इतिहास लिहितांना आपल्या लेखण्या नेहमीं संकोचतात, कारण तो बहुतांशीं बायकांचा इतिहास आहे. गिरणगांवांतील चाळीच्या एका खोलींत संसार, आणि त्याच खोलींत महिन्याच्या बोलीवर जेवणाऱ्या गड्यांचा स्वयंपाक. पहांटेच्या पाळीची भाकरी वेगळी, रात्रपाळीची वेगळी. रत्नागिरीकडच्या गड्याला माशांचें कालवण हवें, साताऱ्याकडच्याला झणझणीत रस्सा. गांवची चव शहरांत जिवंत ठेवली ती या बायकांनीं, आणि मुंबईचें कापड ज्या हातांनीं विणलें त्या हातांत बळ भरलें तेंहि यांनींच. पैसे मिळावयाचे ते पगार झाल्यावर. तोंवर वाणी आणि सावकार यांच्या व्याजाखालीं बाई दबलेली. १९७५ सालीं, गोवा मुक्तीच्या लढ्यांत भाग घेतलेल्या प्रेमा पुरव यांनीं या बायकांना संघटित करून 'अन्नपूर्णा महिला मंडळ' स्थापिलें, आणि त्यांना सरकारी बँकांचीं कर्जें मिळवून दिलीं. तोंपर्यंत सव्वाशें वर्षें रांधूनहि कागदोपत्रीं त्यांचा कांहींच 'धंदा' नव्हता! पुढें १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या पूर्वीसारख्या कधींच उभ्या राहिल्या नाहींत, आणि ज्या पगारावर या चुली पेटत तो पगारच थांबला. मुंबईच्या ज्या चवी आपण गमावल्या त्यांत ही सर्वांत मोठी, असें माझें मत आहे. तिच्यासाठीं हळहळणारे लेख मात्र मोठ्या उपाहारगृहांच्या मानानें थोडेच निघाले.

आतां उपाहारगृहाकडे वळूं. इराणांतून आलेल्या जरथुष्ट्री लोकांनीं मुंबईच्या नाक्यानाक्यांवर चहाचीं दुकानें घातलीं. धोबीतलावाजवळील कयानीचें दुकान १९०४ चें. संगमरवरी पाट्याचें मेज, लांकडी खुर्ची, भिंतीला आरसे, आणि जाड कपांत साईचा गोड चहा. कडक पावाला लोणी लावून तो त्या चहांत बुडवावा, आणि वितळूं लागलेलें लोणी घशाखालीं उतरत असतां वर्तमानपत्र वाचावें, यासारखें स्वस्त सुख मला तरी दुसरें ठाऊक नाहीं. इराण्याला आपल्या सोवळ्याओवळ्याचें सोयरसुतक नव्हतें. त्याला गिऱ्हाईक हवें होतें. म्हणून एकाच मेजाशीं गुजराती दलाल, कोंकणी गिरणीकामगार आणि मुसलमान कारागीर बसूं लागले. दादर येथें १९१० सालीं मामा काण्यांचें उपाहारगृह निघालें, आणि ज्यांना इराण्याचा उंबरठा ओलांडण्याचा धीर नव्हता त्यांनाहि बाहेरच्या बटाटेवड्याची गोडी लागली. पुढें माटुंग्यास दक्षिणेकडील मंडळींचीं भोजनालयें आलीं. या ठिकाणीं पंगतीची जागा मेजानें घेतली. पंगतींत बसावयाला आमंत्रण लागे. मेजाला पैसे पुरत.

पण सर्वांचे पैसे पुरत होते काय? नाहीं. गांवोगांवच्या चहाच्या दुकानांत अस्पृश्य गिऱ्हाइकासाठीं बाहेर वेगळी कपबशी ठेवलेली असे; ती त्यानेंच धुवावयाची, आणि पैसे दुरून टाकावयाचे. अस्पृश्यानें स्वतः चहाचें दुकान काढावें, तर त्याच्या हातचा चहा पिणार कोण? या प्रश्नाला एका राजानें उत्तर दिलें. कोल्हापूरच्या राजवाड्यांतील नोकर गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याबद्दल मार खावा लागला होता. शाहू महाराजांनीं त्यांना मदत देऊन कोल्हापुरांत 'सत्यसुधारक हॉटेल' काढावयास लाविलें, आणि स्वतः आपली गाडी त्या दुकानासमोर उभी करून त्यांच्या हातचा चहा ते पिऊं लागले. बरोबरच्या मंडळींनाहि प्यावा लागे. महाराज १९२२ सालीं वारले. पुण्याच्या त्या पेल्यानंतर अवघ्या तीसएक वर्षांतील ही गोष्ट. एका चहासाठीं विद्वानांनीं प्रायश्चित्त घेतलें, आणि दुसऱ्या चहानें, माझ्या समजुतीप्रमाणें, एका समाजाच्या प्रायश्चित्ताला आरंभ झाला.

तो आरंभच होता. २० मार्च १९२७ रोजीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी प्याले, तेव्हां जेवत असलेल्या प्रतिनिधींवर जमावानें हल्ला केला, आणि शिजलेलें अन्न मातींत मिसळलें. हल्लेखोरांचा राग पाण्यावर होता, पण हात पडला तो पानावर. पुढें अनंत हरि गद्रे यांनीं सहभोजनें घडवून आणिलीं, आणि त्यांसाठीं पक्वान्नें न निवडतां झुणका-भाकर निवडली. हा निवडीचा शहाणपणा मला फार आवडतो. लाडू-जिलबीच्या पंगतीला मनुष्य लोभानेंहि बसेल. झुणका-भाकरीला बसतो तो शेजाऱ्यासाठींच. शेवटीं २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमानें सार्वजनिक उपाहारगृहांत जाण्यास जात आड येणार नाहीं असें ठरविलें. स्वातंत्र्याच्या थोर तत्त्वांबरोबर घटनाकारांनीं हॉटेलाचें दार आठवणीनें लिहून ठेवलें, यांतच सारें आलें.

मग घराचें काय? घराच्या चुलीवर मी टीका करणार नाहीं; तिच्यावरच वाढलों आहें. लक्ष्मीबाई धुरंधर यांनीं १९१० सालींच 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' हें पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि बायकांच्या हातांतील विद्या बाईच्याच लेखणीनें कागदावर उतरली. परंतु एवढ्या पाकक्रिया करणारी जेवत केव्हां होती? पुरुषांची पंगत उठल्यावर, उरलेल्या निवलेल्या अन्नावर. पुरणपोळी तव्यावरून पानांत पडतांना जशी लागते तशी तिनें आयुष्यांत किती वेळां खाल्ली असेल? घरच्या चवीचे गोडवे गाणाऱ्या आम्हां खवय्यांनीं हा हिशेब एकदां करून पाहावा. उपाहारगृहांत जाऊन बसण्याची मोकळीक बाईलाहि मिळाली तेव्हां तिला प्रथमच गरम वडा गरमच मिळाला. यासाठीं तरी मी बाहेरच्या खाण्याला दुवा देतों.

आज रस्त्यावर वडापाव खाल्ला जातो. बटाटा आणि मिरची अमेरिकेची, पाव पोर्तुगिजांचा, चण्याच्या डाळीचें पीठ आपलें; आणि खाणारा उभ्यानें खातो, शेजाऱ्याचें नांव न विचारतां. महाराष्ट्राच्या खाद्येतिहासाचें सार एका कागदाच्या तुकड्यावर ठेवून कोणी हातीं दिलें, तर तें याहून वेगळें असणार नाहीं. तरीहि खोली भाड्यानें देतांना 'तुम्ही घरांत काय शिजवतां?' असें विचारणारे घरमालक याच शहरांत आहेत. म्हणजे जुना प्रश्न पुरता मेलेला नाहीं, त्यानें बिऱ्हाड बदललें आहे.

घरचें चांगलें कीं बाहेरचें, हा वाद आपण खुशाल चालू ठेवूं. तोहि जेवणाचाच एक रुचकर भाग आहे. जीभ आपला निकाल देईलच. मात्र तो मानण्यापूर्वीं दोन गोष्टी पाहाव्या : या पंगतींतून कोणाला उठविलें तर नाहीं ना, आणि जिनें रांधलें ती जेवली आहे ना? या दोहोंचें उत्तर मनासारखें आलें, तर मीठ कमी-अधिक असलें तरी चालेल.