कुडाचे घर

१. कुडाचे घर : दिल्लीत प्रगती मैदानालगतच्या राष्ट्रीय हस्तकला संग्रहालयातील ग्रामसंकुल म्हणजे १९७२ च्या प्रदर्शनासाठी बांधलेल्या, मोडायच्या राहिलेल्या घरांचा समूह. ओडिशातील गदबा आदिवासींचे गोल घर हा त्यातला लक्षवेधी नमुना. ठाणे-पालघरच्या वारली आदिवासींचे घर त्याहून निराळे, चौकोनी. लाकडी मेढी रोवून मधल्या जागेत कारवीच्या काठ्या उभ्या बांधतात, हाच कूड. त्यावर आतबाहेर शेणमातीचे लिंपण, माथ्यावर पेंढ्याचे छप्पर. लग्नात सुवासिनी गेरूने सारवलेल्या याच भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौकाचे चित्र लिहितात. पावसाने धुपलेले लिंपण दरवर्षी नव्याने करावे लागते. म्हणूनच राहते कुटुंब नसलेले असे घर संग्रहालयात टिकवणे कठीण.