मुस्तफा, दांडपट्टा आणि वार करण्याची रीत

आजचा धागा दीर्घ आहे. त्याचा प्रारंभ होतो पुण्यात, गुलटेकडीच्या मार्केट यार्डालगत.

नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध. भुसार विभागातील गाळ्यांवर सकाळचा माल उतरून झाला, की बाजाराबाहेरच्या एका पत्र्याच्या खोलीत गर्दी जमू लागे. आत लाकडी खोकी, प्रत्येक खोक्यात एक जुना पडदा, त्याखाली दांडी आणि बटणे. हमालांची मुले, गाळ्यांवर वह्या लिहिणारे पोरगे आणि शाळा बुडवून आलेले आमच्यासारखे काही, असे सारे एकाच रांगेत. मुठीत एक रुपयाचे घामेजलेले नाणे.

खेळाचे नाव 'मुस्तफा'. निदान आम्ही त्याला दुसऱ्या नावाने कधी हाक मारली नाही. वास्तविक तो जपानच्या कॅपकॉम कंपनीचा १९९३ सालचा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हा खेळ. मार्क शुल्ट्झ या अमेरिकी चित्रकाराच्या 'झेनोझोइक टेल्स' या चित्रकथेवर बेतलेला. कथानायक जॅक टेनरेक. परंतु नायकाची पत्रास कोणालाच नव्हती. निवडायच्या चार पात्रांपैकी मुस्तफा कैरो सर्वांत चपळ, त्याची धावत जाऊन मारलेली लाथ देखणी आणि त्याचे नाव तेवढे ओळखीचे. एखाद्या नाटकाला प्रेक्षकांनी दुय्यम पात्राच्या नावाने ओळखावे, तसा हा प्रकार. मुंबईपासून कोलकात्यापर्यंत पार्लरांत हेच घडले.

आता मुद्द्याकडे येतो. तो खेळ मारामारीचा होता, याविषयी दुमत नाही. ठोसे, चाकू, बंदुका, सगळे काही. मग मागे उभे असलेले, ज्यांच्या खिशात खेळायला नाणेही नव्हते, असे दहा-पंधरा जण काय पाहत होते?

ते रीत पाहत होते. या खेळात हल्ला आणि उडी ही दोन्ही बटणे एकदम दाबली, की सभोवारचे शत्रू फेकले जात. मात्र त्या माराची किंमत म्हणून स्वतःच्याच जिवाची पट्टी थोडी घटे. सतत हाच उपाय करणाऱ्याला मागून हसू ऐकू येई. याउलट जो शत्रूंना हुलकावण्या देत एका ओळीत आणी आणि एकाच धावत्या लाथेत आडवे करी, त्याच्यासाठी 'वा!' उठे. तो पुढच्याच टप्प्यावर हरला तरी ती दाद परत घेतली जात नसे. हिंसा दोघांनीही केली होती. दाद मात्र एकालाच मिळाली.

इतिहासप्रेमींना हे अपरिचित वाटू नये. कुस्तीचा फड आठवा. छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापुरात उभारलेले खासबाग मैदान १९१२ साली पूर्ण झाले. तिथे किंवा कुठल्याही गावच्या जत्रेत, केवळ अंगावर रेलून गड्याला दमवणारा मल्ल आणि क्षणात ढाक मारून चितपट करणारा मल्ल यांचा निकाल कागदावर सारखाच लागतो. परंतु खिशातल्या नोटा काढून लोक आखाड्याकडे धावतात ते दुसऱ्यासाठी. धोबीपछाड, कलाजंग, भारंदाज ही नावे टिकली, कारण पाहणाऱ्यांना डावाचे नाव घेऊन बोलायचे होते.

दांडपट्ट्याची गोष्ट याहून बोलकी आहे. पट्ट्याची मूठ म्हणजे कोपरापर्यंत हात झाकणारा लोखंडी खोबळा. तो चढवला की मनगट जवळजवळ बांधले जाते. तलवारीसारखा हात वळवून वार अर्ध्यात फिरवता येत नाही. फिरवायचे तर खांदा, कंबर आणि पाय, म्हणजे सारे अंगच फिरवावे लागते. सुटलेला वार माघारी घेणे कठीण, म्हणून बचाव हातात नसून पावलांत असतो. मर्दानी खेळात जी डोळ्यांना सुखावणारी गिरकी आपण पाहतो, ती शस्त्राच्या या बंधनातून आली. तळहातावरचे लिंबू हाताला न लागता कापणारा खेळाडू हिंसेचे प्रदर्शन करतो की संयमाचे, हे मला अजून नीट ठरवता आलेले नाही.

चांगल्या ॲक्शन गेमचे शास्त्र नेमके हेच आहे. बटण दाबले की वार सुरू होतो आणि पुष्कळदा तो पूर्ण झाल्यावाचून थांबवता येत नाही. त्या अर्ध्या सेकंदात तुम्ही उघडे पडता. म्हणून कधी मारायचे यापेक्षा कधी मारायचे नाही, हे आधी शिकावे लागते. शत्रूने शस्त्र मागे नेले, खांदा झुकवला, एक पाऊल घेतले: हे वाचायला शिकलात, की खेळ बदलतो.

या रीतीचा इतिहास गमतीचा आहे; तो चुकांतून घडला. 'स्ट्रीट फायटर २' (१९९१) तयार होत असताना निर्माते नोरिताका फुनामिझु यांच्या लक्षात आले, की मोटार फोडण्याच्या जादा फेरीत विशिष्ट वेळ साधली तर एका ठोशाला दुसरा जोडता येतो. असे काही योजलेले नव्हते. तरीही ते राहू दिले गेले आणि 'कॉम्बो' ही कल्पना जगभर रुजली. दहा वर्षांनी तसेच पुन्हा घडले. 'ओनिमुशा' या खेळात एक दोष होता: उडालेल्या शत्रूवर वार करत राहिले, तर तो हवेतच तरंगत राही. हिदेकी कामिया यांनी तो पाहिला आणि आपल्या नव्या खेळाचा पायाच त्यावर रचला. मुळात 'रेसिडेंट ईव्हिल ४' म्हणून सुरू झालेला, पण स्वभाव फारच निराळा निघाल्याने स्वतंत्र झालेला तो खेळ म्हणजे 'डेव्हिल मे क्राय' (२००१).

त्यात एक गोष्ट अपूर्व होती. तुम्ही कसे लढता याचा दर्जा पडद्याच्या कडेला उमटे: 'डल'पासून 'स्टायलिश'पर्यंत. मार खाल्लात तर दर्जा कोसळे. मालिकेतील पुढच्या खेळांत तोच तो वार पुन्हा करणाऱ्याची चढण थांबू लागली आणि शत्रूसमोर उभे राहून त्याला खिजवले, तर उलट दर्जा वाढू लागला. मी हे प्रथम पाहिले तेव्हा पत्र्याची खोलीच आठवली. पार्लर ओसरून कन्सोल घरात शिरला, तेव्हा पाठीमागची गर्दी नाहीशी झाली होती. कामियांनी ती यंत्रात बसवली, असे माझे मत आहे.

हिंसक खेळांवरचा आक्षेप जुना आहे. 'मुस्तफा' आला त्याच १९९३ मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये 'मॉर्टल कॉम्बॅट'वरून सुनावणी झाली आणि पुढल्या वर्षी वयानुसार श्रेणी देणारी व्यवस्था उभी राहिली. ती योग्यच झाली. आठ वर्षांच्या मुलाने फाडलेली देहे पाहू नयेत. आपल्याकडे मार्च २०१९ मध्ये राजकोटला पबजी खेळल्याबद्दल तरुणांना अटक झाली. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइलही होता. ती बंदी देशाच्या सुरक्षिततेच्या कारणास्तव होती, हिंसेच्या नव्हे. घराघरांत मात्र 'बरे झाले, मारामारी थांबली' असेच म्हटले गेले.

पण सगळी मारामारी एका मापाने मोजता येत नाही. पबजीत दडून बसून शेवटपर्यंत टिकलात तरी विजय तुमचाच. कसे टिकलात, हे विजयाच्या हिशेबात धरले जात नाही. त्यात कौशल्य नाही असे मी म्हणणार नाही. रीतीचे खेळ मात्र जिंकल्यानंतरही विचारतात, 'ठीक आहे, पण हे काय जिंकणे झाले?' आणि तुम्ही तोच टप्पा पुन्हा खेळायला बसता.

या बंदीच्या पंधरा दिवस आधी, १८ ऑगस्ट २०२० रोजी, एक ॲक्शन गेम निन्टेन्डो स्विचवर प्रसिद्ध झाला. तो पुण्यात तयार झाला होता, हे त्या गदारोळात फार थोड्यांना कळले. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्यातील स्टुडिओचा 'राजी: ॲन एन्शन्ट एपिक'. २०१७ मध्ये त्यासाठी लोकवर्गणीचा प्रयत्न झाला होता आणि तो अपुरा पडला होता. २०२०च्या गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम पदार्पणाच्या पाच नामांकनांत 'राजी' होती. पुरस्कार 'फॅस्मोफोबिया'ला गेला.

राजी ही कसरती करणारी मुलगी. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघालेली. दुर्गा आणि विष्णू तिची कथा सांगतात. हाती त्रिशूळ. परंतु तिचे खरे शस्त्र तिचे शरीर आहे: ती भिंतीवर धावत जाऊन उलटी झेप घेते, खांबाला धरून गिरकी घेत भोवतालच्या असुरांना लोळवते. प्रांगणातला प्रत्येक खांब लढाईत उपयोगी पडतो. 'डेव्हिल मे क्राय'ची खोली या लढाईत नाही, काही वार सैल वाटतात आणि खेळ लवकर संपतो. तरीही पहिल्यांदा तो खांब धरून राजी फिरली, तेव्हा मला पट्ट्याची गिरकी दिसली. माझ्या मागे त्या वेळी कोणी उभे नव्हते, तरी तोंडून 'वा!' निघून गेले.