लेकराकडे जायला कुणाकुणाची परवानगी लागते?

उन्हाळा लागला की आमच्या बार्शीत ज्येष्ठ नागरिकांच्या बाकावरच्या दोन-चार जागा रिकाम्या होतात. चौकशी केली की कळतं, एक जण न्यू जर्सीला गेलेत, एक टोरांटोला. दिवाळीच्या आत परत येतील. मग मागं राहिलेल्यांची चेष्टा सुरू होते. "फुकटची आया मिळाली पोराला." "नातू सांभाळायला बोलावलंय, आईबापाची आठवण येऊन नाही." चेष्टा करणाऱ्यांत माझे मित्रही आहेत. पण गेली काही वर्षं मी या विषयावर वाचतोय, जुन्या माणसांशी बोलतोय, आणि मला वाटतं आपण या लोकांच्या प्रवासाकडे फार उथळ नजरेनं बघतो. परदेशातल्या लेकराला भेटून येणं ही साधी गोष्ट कधीच नव्हती. थोडं मागं जाऊन बघू.

आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीनं निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात त्यांना डॉक्टरकीची पदवी मिळाली. त्या समारंभाला नवरा गोपाळराव होते आणि नात्यातल्या पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. आईवडील तिथं असण्याचा प्रश्नच नव्हता. बोटीचे महिने, तिकिटाचा खर्च आणि वर समुद्र ओलांडला म्हणून प्रायश्चित्त मागणारा समाज. म्हणजे पहिली परवानगी जातभाईंची लागत होती.

पुढं अमेरिकेनंच दार लावून घेतलं. १९१७ च्या कायद्यानं हिंदुस्थानसकट आशियाचा मोठा भाग बंदीच्या पट्ट्यात टाकला. १९४६ मध्ये दार किलकिलं झालं, पण किती? भारतीयांसाठी वर्षाला १०० जागा! खरा बदल १९६५ च्या कायद्यानं झाला. ३ ऑक्टोबर १९६५ ला अध्यक्ष जॉन्सन यांनी त्यावर सही केली आणि आपले डॉक्टर, इंजिनिअर तिकडं जायला लागले.

पोरं गेली. आईवडिलांचं काय? इथं आपलं स्वतःचं सरकार आडवं होतं, हे आज कुणाच्या लक्षातही नाही. पासपोर्ट हा हक्क नव्हता, सरकारची मर्जी होती. परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असं सुप्रीम कोर्टानं १९६७ मध्ये सतवंतसिंग साहनी खटल्यात सांगितलं, तेव्हा कुठं त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा आला. पासपोर्ट मिळाला तरी 'पी फॉर्म' होताच. परकीय चलन वाचवायचं म्हणून तिकिटासाठी रिझर्व्ह बँकेची मंजुरी लागायची. खिशात आठ डॉलर घेऊन विमानात बसल्याची गोष्ट त्या पिढीतले अनेक जण सांगतात, ती याच काळातली. स्वतःचे पैसे असले तरी बाहेर खर्च करायची मुभा नव्हती. साहजिकच मुलगा तीन-चार वर्षांनी यायचा, आईबाप इथंच वाट बघायचे. मधल्या काळात निळसर एअरोग्राम आणि बुक करून तासन्‌तास वाट बघायचा ट्रंक कॉल. जयवंत दळवींचं 'संध्याछाया' सत्तरच्या दशकात आलं ते याच हवेत. मुलगा अमेरिकेत आणि म्हातारा-म्हातारी घरात एकटी, हे चित्र पांढरपेशा मराठी माणसाला तेव्हा नवीन होतं आणि म्हणून ते इतकं लागलं.

नव्वदनंतर चित्र फिरलं. अमेरिकेनं १९९० मध्ये एच-वन-बी व्हिसा आणला, आपल्याकडं अर्थव्यवस्था खुली झाली, २००० मध्ये फेरा जाऊन फेमा लागू झाला. कॉम्प्युटरवाली पोरं लाटेनं गेली, त्यांच्या मागं त्यांच्या बायका. आणि इथं एक गोष्ट घडली जिची नोंद कुठल्या इतिहासाच्या पुस्तकात मला सापडली नाही. आपल्यात पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. पण नोकरी, विमा, डॉक्टर सगळं तिकडं, तर लेक माहेरी येणार कशी? मग माहेरच लेकीकडं निघालं! कधी पुण्याच्या पुढं न गेलेल्या बायका डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा बॅगेत भरून विमानात बसल्या. इंग्रजी चार शब्द. अधिकाऱ्यानं विचारलं तर दाखवायला मुलीनं लिहून दिलेला कागद. ज्याला आपण "फुकटची आया" म्हणतो ती खरं तर आपलीच एक जुनी रीत सात समुद्रापार नेऊन पार पाडणारी बाई आहे.

आता कुणी म्हणेल, एवढं प्रेम आहे तर पोरं आईबापाला कायमचं का नेत नाहीत? उत्तर पुन्हा कायद्यातच आहे. अमेरिकेत आईवडिलांना कायम बोलावता येतं, त्याला संख्येची मर्यादाही नाही. पण बोलावणारा मुलगा २१ वर्षांचा आणि तिथला नागरिक हवा. नुसतं ग्रीन कार्ड असून चालत नाही. आणि नोकरीवरच्या ग्रीन कार्डात एका देशाला साधारण सात टक्क्यांची मर्यादा असल्यानं आपल्या मुलांची रांग वर्षानुवर्षं सरकत नाही. तोवर आईवडील पाहुणेच. तेही बहुधा सहा महिन्यांचे. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो.

ब्रिटननं २०१२ मध्ये नियम इतके कडक केले की, आईवडिलांना रोजच्या कामांसाठी दुसऱ्याची मदत लागते आणि ती मदत मायदेशात मिळूच शकत नाही, हे सिद्ध करावं लागतं. म्हणजे माणूस प्रवासाच्या पलीकडं गेल्यावरच प्रवासाची पात्रता येणार! त्या मानानं कॅनडा उदार. २०११ च्या डिसेंबरात त्यांनी आईवडील आणि आजीआजोबांसाठी सुपर व्हिसा काढला, २०२२ पासून एका वेळी पाच वर्षं राहता येतं. पण किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा लागतो. वय जितकं जास्त, हप्ता तितका मोठा.

त्यात आपल्याकडच्या अडचणी वेगळ्याच. नोव्हेंबर आला की पेन्शनरला हयातीचा दाखला द्यावा लागतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये 'जीवन प्रमाण' ही डिजिटल सोय आली, पण आमच्या ओळखीतले कितीतरी निवृत्त शिक्षक अजूनही त्याच धास्तीनं नातवाचा वाढदिवस सोडून परत येतात.

या सगळ्याचा कस लागला २०२० मध्ये. १३ मार्चपासून भारतानं बहुतेक सगळे व्हिसा थांबवले, ओसीआय कार्डवाल्यांचा मुक्त प्रवेशही थांबला. मार्चअखेर आंतरराष्ट्रीय विमानं बंद. जे आईवडील तिकडं होते ते तिकडं अडकले. बीपी-शुगरच्या गोळ्या संपत आलेल्या आणि प्रवासी विम्यात जुन्या आजाराला सहसा संरक्षण नसतं. 'वंदे भारत'ची विमानं ७ मे पासून सुरू झाली. त्याच उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका काकांचे अंत्यसंस्कार मुलानं मोबाइलवर बघितले. मोबाइल मी धरला होता. पलीकडून तो एवढंच म्हणाला, "दादा, जरा जवळ घे ना." इतकी वर्षं बातम्या लिहितोय, पण ते वाक्य मला कुठल्याच बातमीत बसवता आलं नाही.

म्हणून सांगतो, पुढच्या वेळी बाकावर कुणी चेष्टा केली तर हे आठवा. त्या प्रवासामागं दीडशे वर्षांच्या बंद दारांचा इतिहास आहे. आणि जाणाऱ्यांनाही हात जोडून विनंती. विम्यातली जुन्या आजाराची अट नीट वाचा, औषधं चिठ्ठीसकट जास्तीची न्या, हयातीच्या दाखल्याची सोय निघायच्या आधी करून ठेवा, आणि परतीची तारीख व्हिसावर शोधू नका, प्रवेशाच्या नोंदीवर बघा.

आणखी एक. तुमच्या माळ्यावर जुने एअरोग्राम, पी फॉर्म, जुने पासपोर्ट असतील तर रद्दीत घालू नका. मला दाखवा, मी फोटो काढून परत देईन. आपल्या गावातून कोण कधी कुणाला भेटायला गेलं, याची वही मी करायला घेतलीय. तुमच्या घरातून परदेशी लेकराकडं पहिल्यांदा कोण गेलं आणि कोणत्या साली, ते खाली लिहा. गाव मोठं असो की छोटं, नोंद सगळ्यांची व्हायला हवी.